वॉटरमार्क बघायचं मशीन आणि काळा ट्रे: दिवाळी ते मे वापरून

मशीन पुन्हा बंद पडलं. काचेखाली टपाल तिकीट दाबून दिव्यावर वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण, दाखवतं, तेच. विकणारा म्हणतो, "दादा, कुरिअरचा खर्च तुमचाच." आमचं गाव दारव्ह्यापासून आत, पार्सल न्यायला कोणी येत नाही. तेवढ्या पैशात लायटरच्या पेट्रोलच्या कितीतरी डब्या आल्या असत्या.

कारण खरं काम किरकोळ भावाचा काळा ट्रेच करतो. पाचव्या जॉर्जचं अर्ध्या आण्याचं हिरवं तिकीट घ्या. 1911 पासूनच्या लंडन छपाईत कागदात एकच तारा, 1926 पासूनच्या नाशिक छपाईत तारेच तारे. समोरून दोन्ही सारखीच. ट्रेमध्ये पालथं टाकून लायटरच्या पेट्रोलचे चार थेंब सोडले की जिथं कागद पातळ, तिथं गडद उमटतं. ताऱ्याचं टोक न् टोक दिसतं. गोंदालाही धक्का नाही. आणि जिथं तारा हवा तिथं काहीच उमटलं नाही, तर ते तिकीट मी घेत नाही.

त्रास एकच, पण जीव खातो: पेट्रोल उडतं. हिवाळ्यात निवांत बघता येतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की भिंग डोळ्याला लावेपर्यंत ट्रे कोरडा! झाकण जरा ढिलं राहिलं तर रातोरात डबी हलकी. एवढे पैसे घेता, मग घट्ट बसणारं झाकण द्यायला काय जातं? मी आता पहाटेच बसतो, पंखा बंद करून. चुलीजवळ मात्र कोणी हा उद्योग करू नका.

तोवर ट्रेला पैकीच्या पैकी देत होतो. मग दिग्रसहून एक जण 1948 चं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट दाखवायला घेऊन आला. ही मालिका स्वित्झर्लंडला छापलेली, खऱ्या तिकिटात वॉटरमार्कच नाही. म्हणजे कोऱ्या कागदावरची नक्कलही ट्रेमध्ये अगदी तशीच दिसणार. याच तिकिटाच्या नकला भरपूर फिरतात, आणि इथंच ट्रे मुका! म्हणून एक गुण कापला. तिथं कडेची भोकं मोजावी लागतात: खऱ्याला दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा. शिवाय भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर हात आखडता घ्या. दहा रुपयांचं गांधी घ्यायचं मनात असेल, तर आधी भोकं मोजायची पट्टी आणि चांगलं भिंग घ्या.