सेइमेई जिन्जा, क्योटो – मांत्रिकाचं देऊळ

आधीच सांगते, एवढंसंच आहे. फुशिमी इनारीसारखी मोठी देवळं बघून त्याच अपेक्षेनं गेलात तर ‘हे एवढंच?’ होणार, शिवाय होरिकावा रस्त्याला अगदी लागून असल्यानं शांतता-बिंतता विसरा, गाड्यांचा आवाज येतच राहतो. एन्ट्री फ्री आहे, अर्ध्या तासात सगळं बघून होतं.

पण आबे नो सेइमेई कोण हे थोडं वाचून गेलात ना तर जाम मजा येते. हा माणूस ९२१ ते १००५ मधला, दरबारातला ओन्म्योजी, म्हणजे ग्रहतारे बघणं, शकुन-अपशकुन, भुतंखेतं पळवणं सगळं खातं त्याच्याकडे, आणि आई म्हणे कोल्हीण होती!! तो गेल्यावर दोनच वर्षांनी, १००७ ला, सम्राट इचिजोनं हे देऊळ उभारलं. तोरीवरच्या (म्हणजे देवळाच्या कमानीवरच्या) पाटीवर देवळाचं नाव नाही, सोनेरी पाच टोकांची चांदणी आहे, सेइमेईची खूण, आणि मग ती आत जिथे तिथे दिसत राहते. विहिरीवर पण तीच, आणि त्या विहिरीचं पाणी ज्या बाजूनं पडतं ती बाजू दरवर्षी फेब्रुवारीत त्या वर्षीच्या शुभ दिशेप्रमाणे फिरवतात, मला हे भारीच वाटलं. एक धातूचं पीच फळ आहे, त्यावर हात फिरवायचा की आपली पीडा त्यात जाते, दृष्ट काढल्यासारखंच की.

मला सगळ्यात आवडला तो छोटा पूल. जवळच्या इचिजो मोदोरीबाशी या पुलाची प्रतिकृती आहे, जुन्या पुलाचे खरे भाग लावलेत, आणि शेजारी दगडी शिकिगामी बसलाय. शिकिगामी म्हणजे सेइमेईच्या हुकमातले पिशाच्च-नोकर, पण बायको त्यांच्या तोंडाला घाबरायची म्हणून बिचाऱ्यांना त्या खऱ्या पुलाखाली ठेवलेलं 😄 एवढा मोठा मांत्रिक, घरात चालायचं बायकोचंच.

एमा, त्या नवस लिहून टांगलेल्या लाकडी पाट्या, नक्की वाचा (म्हणजे बघा). स्केटर हान्यू युझुरूनं सेइमेईवरच्या प्रोग्रॅमवर २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये गोल्ड घेतलं, त्याच्या फॅन्सचं हे तीर्थक्षेत्रच झालंय, त्यांच्याही पाट्या दिसतात. ताईत घ्यायचे तर इथेच मिळतात, चांदणीवाले.

खरा पूल दक्षिणेला दोन मिनिटांवर आहे, दिसायला अगदी साधा, तरी बघून या. फक्त या देवळासाठी शहराच्या दुसऱ्या टोकावरून मात्र येऊ नका, निजो किल्ला याच रस्त्यावर खाली आहे, त्याला जोडून करा.