‘लाइफटाइम’ विंडोज ११ च्या नावाखाली माझी झालेली फसवणूक

परवा जांभळी नाक्यावर एका ग्राहकाच्या दुकानात गेले होते. गल्ल्याशेजारच्या त्याच्या कॉम्प्युटरवर मला एक चकचकीत निळं स्टिकर दिसलं. अगदी तसंच स्टिकर माझ्या कॅबिनेटवर आहे. आता गप्प बसणं बरोबर नाही, म्हणून लिहायला बसले.

मी ठाण्यात चरईला राहते. घरूनच छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, जीएसटीची रिटर्न भरते. डेस्कटॉप २०१२ चा आहे, थर्ड जनरेशनचा आय-थ्री, चार जीबी रॅम, त्यावर विंडोज ७. विंडोज ७ चा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षा अपडेट, १४ जानेवारी २०२० ला बंद झाला, हे मला माहीत होतं. पण टॅली चालत होतं, प्रिंटर चालत होता, म्हणून हात लावला नाही. पुढे २०२३ मध्ये क्रोमनेही विंडोज ७ ची साथ सोडली. १०९ नंतरचं व्हर्जन त्यावर येतच नाही. मग एकेक साइट अडायला लागली. शेवटी गेल्या वर्षी बँकेच्या पानाने ब्राउझर जुना आहे म्हणून लॉगिनच नाकारलं, आणि मी स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं.

दिवाळीचे दिवस होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही सपोर्ट संपला होता आणि ती बातमी सगळीकडे होती. त्याने नेमकं तेच धरलं. “ताई, आता दहा टाकून पैसे वाया घालवू नका. डायरेक्ट अकरा टाकतो. ओरिजिनल, लाइफटाइम लायसन्स. परत बघायला नको.” साडेसहा हजार सांगितले, मी रोख दिले. बिल मागितलं तर “दिवाळी झाली की पाठवतो” म्हणाला. दोन तासांत काम झालं. आयकॉन खाली मधोमध आलेले, मागे निळ्या पाकळ्यांचं चित्र, कॅबिनेटवर नवं स्टिकर. बँकेची साइटही उघडली. मला खरंच हायसं वाटलं.

बिल आलं नाही. संक्रांतीला भाचा तिळगूळ द्यायला आला आणि सहज कॉम्प्युटरवर बसला. “मावशी, या मशिनवर अकरा कसं काय चालतंय?” असं म्हणत त्याने विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून त्या छोट्या चौकटीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर टाइप केलं. समोर माहिती आली: विंडोज १०, व्हर्जन १९०९. अकरासारखा दिसणारा नुसता मुखवटा वरून चढवलेला होता. घरगुती आणि प्रो आवृत्त्यांसाठी १९०९ चा सपोर्ट मे २०२१ मध्येच संपलेला आहे. म्हणजे मेलेलं सोडून मी पैसे मोजून दुसरं मेलेलंच घेतलं होतं. विंडोज १० साठी कंपनीने ऑक्टोबर २०२६ पर्यंत जे वाढीव सुरक्षा अपडेट दिले आहेत, तेही फक्त शेवटच्या २२एच२ या व्हर्जनला मिळतात. माझ्या मशिनवर तर अपडेटची सेवाच बंद करून ठेवलेली होती, कारण अपडेट झालं असतं तर सोंग उघडं पडलं असतं.

भाच्याने मग लायसन्सची मुदत दाखवणारी कमांड दिली. ‘लाइफटाइम’ लायसन्सवर जुलैतली तारीख होती. मोठ्या ऑफिसांत शेकडो कॉम्प्युटरना एकाच सर्व्हरवरून १८० दिवसांचं लायसन्स मिळतं आणि ते आपोआप वाढत राहतं. त्या सर्व्हरची नक्कल करणारा चोरटा प्रोग्रॅम माझ्या मशिनवर बसवला होता. तो पकडला जाऊ नये म्हणून विंडोजच्या अँटिव्हायरसला अख्खा सी ड्राइव्ह तपासू नकोस असं सांगून ठेवलं होतं. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्या ब्राउझरमध्ये माझ्या चौदा ग्राहकांचे जीएसटी आणि इन्कम टॅक्सचे पासवर्ड सेव्ह होते. ही माणसं वर्षानुवर्षं विश्वासाने फाइल माझ्याकडे देऊन मोकळी होतात. तीन महिने ते सगळं उघड्यावर होतं.

त्या रात्री नेटची वायर काढली. भाच्याच्या लॅपटॉपवर बसून दोन दिवस एकेका ग्राहकाला फोन केला, ओटीपी मागून घेतला, पासवर्ड बदलला. प्रत्येकाला कारण खरं खरं सांगितलं. एका वयस्कर काकांनी विचारलं, “म्हणजे माझं काही गेलं का गं?” मला ठामपणे नाही म्हणता आलं नाही. आतापर्यंत कुणाचं काही गेलेलं नाही.

त्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानात गेले तर तो म्हणाला, “ताई, काम चालतंय ना? मग?” वर दोन हजारांत ‘अपडेट चालू करून देतो’ म्हणाला. खरं अकरा माझ्या मशिनवर नियमाने बसूच शकत नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं: अकराला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या जनरेशनचा लागतो. आडमार्गाने बसवता येतं, पण मग पुढचे अपडेट येतीलच याची हमी कंपनी देत नाही. जुन्या मशिनवर कुणी “ओरिजिनल अकरा” टाकून देतो म्हणाला, तर आधी प्रोसेसरची जनरेशन त्याच्या तोंडून वदवून घ्या, आणि पैसे देण्याआधी ती डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आरची चौकट समोर उघडायला लावा. बिल हातात पडल्याशिवाय रोख देऊ नका.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. बिल नसल्यामुळे बाजू लंगडी आहे, पण त्याचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘ओरिजिनल अकरा’चे मेसेज आहेत. ते आणि स्टिकरचा फोटो जोडला आहे. जांभळी नाक्यावरच्या त्या ग्राहकाच्या मशिनवरही तीच चौकट उघडून पाहिली. तिथेही १९०९ च निघालं. उद्या तो माझ्यासोबत तक्रार नोंदवणार आहे.