जेलन गम : उसाच्या कॅलसमधून क्षारसहनशील पेशी निवडताना

को ८६०३२ सारख्या उसाच्या वाणाच्या कॅलसवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, अजून अवयव न बनलेल्या पेशींच्या गोळ्यावर) मिठाची निवड लावायची असेल, म्हणजे खारट माध्यमावर तगणाऱ्या पेशी वेचायच्या असतील, तर एमएस (मुराशिगे-स्कूग) हे पोषक माध्यम घट्ट करायला अगरपेक्षा जेलन गम हा जिवाणूंपासून मिळणारा डिंक घ्यावा. अगर लिटरला ७ ते ८ ग्रॅम लागतो, जेलन २.५ ग्रॅम पुरतो. जेल काचेसारखा स्वच्छ असल्याने कॅलस खालच्या बाजूने काळा पडू लागला की बशी न उघडता कळतं. निवडीत ही सोय फार मोलाची आहे.

पण एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. जेलन घट्ट होतो तो धन आयनांमुळे, म्हणजे क्षारांतल्या धन भाराच्या कणांमुळे. एमएसमधलं ३ मिलिमोलर कॅल्शियम आणि १.५ मिलिमोलर मॅग्नेशियम त्याला पुरेसं असतं. त्यात सोडियम क्लोराइड १०० मिलिमोलर, म्हणजे लिटरला ५.८४ ग्रॅम, पडलं की जेलचा कडकपणा बदलतो आणि तो जास्त तापमानालाच धरतो, म्हणजे घट्ट होतो. मग ०, ५० आणि १०० मिलिमोलर मिठाच्या बशांमध्ये कॅलसला मिळणारं पाणीही सारखं राहत नाही. वाढ खुंटली ती मिठाने की जेलने, हे सांगता येत नाही! म्हणून आधी कॅलसविना बशा ओतून कडकपणा पाहावा आणि गमचं प्रमाण जुळवावं. शिवाय तुलनेसाठी बिनमिठाची, २०० मिलिमोलर मॅनिटॉलची (एका शर्करा-अल्कोहोलची) एक बशी हवीच. तिचा परासरणी ताण, म्हणजे पेशींना पाणी घेणं अवघड करणारा ताण, साधारण १०० मिलिमोलर मिठाएवढा असतो.

गम थंड पाण्यात, ढवळत ढवळत, हळूहळू सोडावा. गरम किंवा क्षारयुक्त पाण्यात टाकला तर गाठी होतात, त्या ऑटोक्लेव्हमध्येही सुटत नाहीत. क्षार नंतर घालावेत. सामू ५.८, मग १२१ अंशांवर १५ मिनिटं. बाहेर काढताच हलवून गरम असतानाच ओतावं. एकदा धरलेला जेल अगरसारखा पुन्हा वितळत नाही, त्यामुळे बाटल्या भरून ठेवण्याचा बेत करू नये.

कॅलस पाणचट होऊ लागला तर गम ३ ग्रॅमपर्यंत न्यावा. तुकडे ३-४ मिलिमीटरचेच ठेवा; मोठ्या गोळ्यात आतल्या पेशींपर्यंत मीठ नीट पोचत नाही आणि त्या फुकट तगतात. तगलेला कॅलस दोन उपसंवर्धनं (ताज्या माध्यमावर हलवण्याच्या दोन फेऱ्या) बिनमिठाच्या माध्यमावर ठेवून परत मिठावर आणावा. खरा सहनशील नसून मिठाला नुसता सरावलेला असेल, तर तिथे कोसळतो.

पीईजी ६००० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पाण्याची टंचाई घडवणारं रसायन) वापरून दुष्काळाची निवड करायची असेल, तर मात्र या गमचा आग्रह नको. द्रव माध्यमावर फिल्टर पेपरचा पूल करून त्यावर कॅलस ठेवणं जास्त भरवशाचं.