लॅमिंग्टन रोडचे नेटवर्कवाले: काम चोख, बिल मात्र मागून घ्यावं लागतं

पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच.

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात की दर चार पावलांवर राउटर, स्विच आणि वायरींची भेंडोळी विकणारे बसलेले असतात. त्यातल्याच एका गाळ्यातून हे दादा व्हिजिटला येतात. नाव छापू नका, असं त्यांनीच बजावलंय. आधीच फोन पुरत नाहीत म्हणे. ओळखीतल्या कोणाला हवा असेल तर नंबर देईन.

मी ठाकूरद्वारला एका सीएच्या ऑफिसात आहे. हिशेब सर बघतात, बाकी सगळं माझ्याकडे: पगार, चहा, पंखे, प्रिंटरची शाई आणि अर्थात नेट. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, सगळा डेटा सरांच्या केबिनमधल्या मशीनवर आहे, बाकीचे तिथूनच उघडतात. ते मशीन नेटवर्कवर दिसेनासं झालं की आख्खं ऑफिस हातावर हात ठेवून बसतं. आणि ते दिसेनासं व्हायचं कधी, तर महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आसपास. जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरण्याची मुदत ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय भोगलं ते सांगायला नको.

स्क्रीनवर मेसेज यायचा की आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट आहे, म्हणजे याच नेटवर्कवर दुसरं कोणीतरी हाच पत्ता वापरतंय. इंटरनेट कंपनीचा माणूस यायचा, राउटर बंद करून चालू करायचा, ‘झालं मॅडम’ म्हणायचा. कधी खरंच व्हायचं, कधी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा तेच. शेवटी त्याने नऊ हजारांचा नवा राउटर घ्यायला सांगितलं. सर तयारही झाले होते. मी म्हटलं, राउटरला तारीख कळते का? एरवी महिनाभर हाच राउटर व्यवस्थित चालतो ना?

दादांनी आल्यावर पहिला अर्धा तास एकाही मशीनला हात लावला नाही. चहा घेतला आणि प्रश्न विचारले. सकाळी ऑफिस कोण उघडतं? रात्री मेन स्विच बंद करता का? कोणतं मशीन किती वाजता चालू होतं? सरांना जरा राग आला, पण आमच्या प्यून मामांनी सगळं इत्थंभूत सांगितलं. रात्री निघताना मेन बंद. सकाळी साडेनऊला मेन चालू. स्टाफ पावणेदहापासून यायला लागतो. सर अकराला येतात आणि त्यांचं मशीन ते स्वतःच चालू करतात, दुसऱ्या कोणी लावलेलं त्यांना चालत नाही. यावर दादा म्हणाले, “मॅडम, अर्धं काम झालं.”

मग सरांच्या मशीनवर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथे सिस्टिमच्या नोंदींमध्ये ४१९९ क्रमांकाची नोंद असते. पत्ता भिडला की विंडोज ती स्वतःच लिहून ठेवतं आणि समोरच्या यंत्राचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचा हार्डवेअरचा नंबरही त्यात असतो. इतके महिने हा पुरावा तिथेच पडून होता आणि आमच्याकडे येऊन गेलेल्या एकानेही तो उघडून पाहिला नव्हता. दादांनी नोंदी कागदावर उतरवून घेतल्या. प्रत्येक वेळचा नंबर वेगळा. म्हणजे घुसखोर एक नव्हता.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला फार आवडली. मॅक ॲड्रेस बारा अक्षरांचा असतो आणि एरवी पहिल्या सहांवरून बनवणारी कंपनी कळते. पण दुसऱ्या जागी दोन, सहा, ए किंवा ई असेल, तर तो नंबर कारखान्यातला नाही, यंत्राने स्वतः बनवून घेतलेला आहे. आजकाल हे बहुतेक करून फोन करतात. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून, कोणी माग काढू नये म्हणून फोन वायफायवर असा बनावट नंबर लावतात. आमच्या यादीत जवळजवळ सगळे तसलेच निघाले. म्हणजे सरांच्या मशीनची जागा कोणाचे तरी फोन बळकावत होते.

खात्रीसाठी त्यांनी सरांच्या मशीनची नेटवर्कची वायर उपसून हातात धरली आणि मला माझ्या मशीनवरून १९२.१६८.१.२० ला, म्हणजे सरांच्या मशीनच्या पत्त्याला, पिंग करायला (तिथे कोणी आहे का ते विचारायला) लावलं. उत्तर आलं! “ज्याची वायर माझ्या हातात आहे तो बोलतोय कसा?” दादा हसत म्हणाले. लगेच एआरपीची यादी, म्हणजे कोणत्या पत्त्यावर कोणता मॅक ॲड्रेस आहे त्याची यादी, काढली, तर त्या पत्त्यासमोर वेगळाच मॅक ॲड्रेस. तो आमच्या एका आर्टिकलच्या, म्हणजे सीएकडे काम शिकणाऱ्या मुलाच्या, फोनचा होता. तो बिचारा घाबरून फोन बंद करायला निघाला.

आता मूळ कारण. सरांच्या मशीनला पूर्वीच्या कोणीतरी २० हा पत्ता कायमचा, म्हणजे स्टॅटिक, टाकून दिला होता. पण राउटरला ते सांगायचं राहून गेलं. त्याला २ ते २५४ असे सगळे पत्ते वाटायची मोकळीक होती. राउटर सगळीकडे असंच करतो असं नाही, पण आमचा पत्ते क्रमाने वाटतो आणि मेन बंद झाला की वाटलेल्यांची यादी विसरतो. दवाखान्यातला कंपाउंडर रोज सकाळी एकपासून नवे टोकन वाटतो, तसं. पत्ता द्यायच्या आधी राउटर विचारून घेतो म्हणे, बाबा इथे कोणी आहे का. पण सरांचं मशीन अकरापर्यंत बंद, मग ‘मी आहे’ म्हणणार कोण?

एरवी सरांच्या आधी येणाऱ्यांची यंत्रं आणि फोन मिळून सोळा. आकडा सतरापर्यंत जायचा आणि थांबायचा. विसाव्या तारखेच्या आधी बाहेर ऑडिटला गेलेली आर्टिकलची मुलं ऑफिसात परततात, प्रत्येकाचा एक लॅपटॉप, एक फोन. अकराच्या आत २० कोणाला तरी मिळायचाच. मग सर यायचे, मशीन लावायचे. विंडोज पत्ता वापरायच्या आधी चौकशी करतं, तसा नियमच २००८ साली लिहिला गेलाय आणि त्यात तीनदा विचारायला सांगितलंय. उत्तर आलं की ते माघार घेतं आणि १६९.२५४ ने सुरू होणारा एक निरुपयोगी पत्ता लावून बसतं. तो कुठेच पोहोचत नाही. टॅली गायब. गर्दी झाली की घोटाळा, गर्दी पांगली की सगळं सुरळीत, आणि आम्ही मात्र तारखेला दोष देत होतो.

नवा राउटर आणला असता तरी हेच झालं असतं, हे इथे मुद्दाम लिहिते.

दुरुस्ती वीस मिनिटांची. राउटरमध्ये डीएचसीपीची, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याची, रेंज १०० ते १९९ केली. शंभरच्या खालचे पत्ते आमचे, हाताने द्यायचे. सरांचं मशीन २० वरच राहिलं. प्रिंटर १५० वर होता, तो नव्या रेंजच्या आत आला असता, म्हणून त्याला ३० दिला. त्यामुळे सगळ्यांच्या मशीनवर प्रिंटर पुन्हा जोडावा लागला आणि यातच खरा वेळ गेला. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डबा (डीव्हीआर) २०० वर आणि हजेरीचं मशीन २०१ वर, ते दोन्ही रेंजच्या बाहेर, म्हणून त्यांना हात लावला नाही. हात न लावणारा कारागीर मुंबईत मिळणं किती दुर्मिळ, ते घराचं प्लंबिंग ज्याने करून घेतलंय त्याला विचारा. फोनसाठी वेगळं गेस्ट वायफाय काढून दिलं. आर्टिकल मंडळी दोन दिवस कुरकुरली, मग विसरली.

जाताना त्यांनी प्रत्येक यंत्रावर पत्त्याचं लेबल चिकटवलं आणि सगळ्याचा तक्ता करून स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून लावला. चौथा स्टार या तक्त्याचा. परवा हजेरीच्या मशीनवाला आला, ‘आयपी काय आहे’ म्हणून विचारलं, मी दार उघडून दाखवलं. पूर्वी या एका प्रश्नावर तासभर जायचा.

घरचं काम त्यांनी फोनवरच केलं. मी मुलुंडला राहते, मागच्या बेडरूमला वायफाय पोहोचत नाही म्हणून जावयांनी जुना राउटर आणून पॅसेजमध्ये लावला होता. तेव्हापासून वायफायच्या सिग्नलच्या दांड्या भरपूर, पण नेट कधी आहे, कधी नाही. व्हिडिओ कॉलवर दादांनी दोन्ही डबे दाखवायला लावले आणि वायर कोणत्या भोकात आहे ते विचारलं. दोन्ही राउटर १९२.१६८.१.१ वर, वायर दोन्हीकडे लॅन पोर्टला, आणि दोघंही पत्ते वाटतायत. आधी मागचा राउटर घरच्या नेटपासून सोडवून एकट्या लॅपटॉपला जोडायला सांगितला, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करायला लावला, त्यातली डीएचसीपी बंद करायला लावली, आणि मगच परत जोडायला सांगितलं. पुढच्या राउटरची रेंज १० पासून सुरू करायला विसरले नाहीत, नाहीतर तोच २ कोणाला तरी देऊन बसला असता. तीनशे रुपये यूपीआयने पाठवले. जावयांना काय झालं होतं ते सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

आता तक्रारी. वेळ सकाळी दहाची सांगून साडेअकराला आले. अर्थात उशिरा आल्यामुळेच घोटाळा डोळ्यांदेखत पकडता आला, पण ते श्रेय मी त्यांना देणार नाही. दुसरं, भिंतीवरच्या जुन्या लोंबणाऱ्या वायरी तशाच ठेवल्या, ‘चालतायत ना, असू द्या’ म्हणे. तिसरं, राउटरचा नवा पासवर्ड त्यांनी फक्त स्वतःच्या फोनमध्ये लिहून घेतला होता. मी मागून घेतला, पाकिटात घालून सरांच्या खणात ठेवला. तुम्हीही घ्या, नाहीतर पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला बोलावता येत नाही. आणि बिल. सीएच्या ऑफिसात येऊन जीएसटीचं बिल न देणारा माणूस! तीनदा आठवण करून दिल्यावर व्हॉट्सॲपवर आलं. व्हिजिट आठशे, पॅच कॉर्ड आणि लेबल मिळून साडेसहाशे, वर जीएसटी. पैसे वाजवी आहेत, पण कापलेला स्टार याचाच.

साध्या कारणाला त्यांना बोलावू नका, ते स्वतःच वैतागतात. एकाच लॅपटॉपवर असा मेसेज आला आणि त्याला पत्ता राउटरकडूनच मिळत असेल, तर आधी वायफाय बंद-चालू करा, किंवा कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग रिलीज आणि मग रिन्यू द्या. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पुन्हा पुन्हा येत असेल, ठरावीक मशीनवरच येत असेल, किंवा प्रिंटर, कॅमेरा असलं काही हाताने पत्ता दिलेलं यंत्र त्यात अडकलं असेल, तर मात्र माणूस लागतो.

वर्षाच्या एएमसीचे, म्हणजे देखभालीच्या कराराचे, त्यांनी बारा हजार सांगितले होते. सर म्हणाले, पाहू. दादाच म्हणाले, “नका घेऊ. वर्षभर काही बिघडलं नाही तर मलाच शिव्या घालाल.” आम्ही घेतली नाही. अडलं की व्हिजिट, हेच परवडतं.

फोन करण्याआधी एवढं कागदावर लिहून ठेवा: वायरवर किती यंत्रं, वायफायवर किती, कोणतं कधी चालू होतं, रात्री मेन बंद करता का. पहिले प्रश्न हेच असतात, आणि ‘थांबा हं, विचारून सांगते’ म्हटलं की दादा फोन ठेवून देतात.