दोन ग्लास पाणी आणि साडेअठरा हजार रुपये

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी आमच्या आईला तिच्याच स्वयंपाकघरात बसून एका माणसाने साडेअठरा हजारांना फसवलं. मी तेव्हा बँकेत कामावर होते. गेल्या पंधरवड्यात सुदामा नगरातल्या मावशीकडे अगदी तसाच माणूस, तशीच पेटी घेऊन येऊन गेला, म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही इंदूरच्या लोकमान्य नगरात राहतो. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, तो प्यायला आणि स्वयंपाकाला. 1978 पासून ते पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरवरून चढवून शहरात आणतात, त्यामुळे ते जपून वापरायची सवय आमच्या घराला आहे. बाकी सगळं बोरिंगवर. माळव्याच्या काळ्या पत्थरातून निघणारं हे पाणी जड, म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन म्हणतात ते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. तोट्यांवर पांढरा थर चढतो, गीझरची कॉइल लवकर जाते, बादलीत साबणाला फेस न येता नुसती साय धरते. नळ चुकला आणि तुरीची डाळ बोरिंगच्या पाण्यात लावली तर कुकरच्या सात शिट्ट्यांनंतरही दाणा टणकच. हा त्रास खरा आहे. म्हणूनच त्याचं बोलणं आईला पटलं.

त्याने दारातच मराठीत हाक मारली, "काकू, पाण्याची तपासणी चालू आहे, दोन मिनिटं." इंदुरात दारावर कुणी मराठी बोललं की आमच्या आईचा अर्धा संशय तिथेच मावळतो. तिने त्याला पंख्याखाली बसवलं, चिवडा दिला.

त्याने दोन ग्लास मागितले. एकात आमच्या माठातलं पाणी, दुसऱ्यात स्वतःच्या सीलबंद बाटलीतलं. दोन्हींत लोखंडी कांड्या सोडून पेटीची वायर प्लगमध्ये घातली. मिनिटभरात आमचा ग्लास हिरवट, मग तपकिरी आणि शेवटी गाळाने काळपट झाला. त्याचा मात्र काचेसारखा स्वच्छ राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "घरात कुणाला किडनीचा त्रास होता का?"

बाबांना मुतखडा होता. दोन ऑपरेशनं झाली, शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर गेली. तो म्हणाला, "काकू, हे तुम्ही रोज पाजत होता." आईने हे मला संध्याकाळी सांगितलं तेव्हा तिचा आवाज कापत होता. पैशांपेक्षा मला या एका वाक्याचा राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

गच्चीवरच्या टाकीखाली पाइपला जोडायचा एक निळा सिलिंडर तिने घेतला. आत परदेशी रेझिन, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारे दाणे आहेत, मीठ लागत नाही, दहा वर्षं हात लावायचा नाही, असं तो म्हणाला. पैसे फोनवरून एका खाजगी नावावर गेले. पावतीवर ना पत्ता, ना जीएसटी नंबर. महिन्याभरात तोट्या पुन्हा पांढऱ्या झाल्या. फोन केला की "सर्व्हिसवाला निघालाय" असं उत्तर मिळायचं, नंतर नंबरच बंद.

शेजारी रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. काकांनी सिलिंडरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी ईडीटीए नावाचं जडपणा मोजायचं रसायन घालून तपासलं; लालसर द्रावण निळं होईपर्यंत थेंब मोजायचे असतात. जडपणा आधी लिटरला 480 मिलिग्रॅम, नंतर 470, म्हणजे मोजणीच्या चुकीएवढाच फरक. भारतीय मानकात ही मर्यादा 200 आहे, दुसरं पाणी नसेल तर 600 पर्यंत चालतं. मग आम्ही सिलिंडर उघडला. आत नुसती वाळू आणि खडी.

काकांनी मला समजावलं ते असं. खरं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. त्यातलं सोडियम संपलं की त्याला मिठाच्या पाण्याने धुवावंच लागतं. रेझिन आहे पण मीठ कधीच लागणार नाही, असं कुणी म्हणाला की त्याला तिथूनच परत पाठवा.

त्यानंतर त्यांनी आईला समोर बसवलं. नऊ व्होल्टची बॅटरी, दोन लोखंडी खिळे, माठातलं पाणी. थोड्या वेळाने तोच गढूळ रंग. मग आमच्या ऑफिसातल्या आरओचं पाणी घेतलं, बराच वेळ थांबलो, काहीच झालं नाही. त्यात काकांनी चिमूटभर मीठ टाकलं आणि तेही बघता बघता हिरवट-तपकिरी झालं. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतोच, विजेने खिळ्याचं लोखंड विरघळून झालेला गंज असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, नसले की वाहत नाही, एवढंच. (घरी करून पाहायचं असेल तर बॅटरीवरच करा, प्लगला हात लावू नका.)

आई बराच वेळ ग्लासकडे बघत राहिली. मग तिने काकांना विचारलं, "म्हणजे ह्यांना माझ्या हातच्या पाण्याने नाही ना झालं?"

काका म्हणाले, "वहिनी, नाही. तुम्ही त्यांना नर्मदेचं पाणी देत होता. आणि जड पाण्याने अपाय होतो असा भक्कम पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यासाठी आरोग्याची म्हणून मर्यादा घातलेली नाही." त्या रात्री आई कितीतरी दिवसांनी नीट जेवली.

मावशीकडे आलेल्या माणसाने टीडीएस मीटरही दाखवला होता. तो पाण्यातले सगळे क्षार मिळून अंदाज देतो. त्यात जडपणा किती, हे तो सांगत नाही, आणि जंतू आहेत की नाहीत हे तर मुळीच नाही. मावशीने त्याला "मुलगा घरी आल्यावर या" एवढंच सांगितलं. तो पुन्हा आला नाही.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ठाण्यातही अर्ज दिला. दोन्हीकडे पहिला प्रश्न हाच होता की विकणाऱ्याचं नाव-पत्ता काय, आणि माझ्याकडे फक्त एक बंद नंबर आणि पैसे गेलेलं नाव होतं. पैसे अजून आलेले नाहीत. सिलिंडर वाळूसकट गच्चीवर ठेवला आहे. आई तो भंगारात द्यायला सांगते, पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत मी तो हलवणार नाही.