१८६४च्या नाताळाच्या केकसाठी गोड धांड्याची काकवी

हिंगणघाट तालुक्यातल्या एका महिला बचत गटाची गोड ज्वारीची काकवी. अर्धा किलोची काचेची बाटली, किंमत १८० रुपये. अमेरिकी यादवीतला, म्हणजे उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमधल्या युद्धातला, नाताळ शाळेत किंवा चर्चमध्ये मांडायचा असेल, तर उसाची काकवी नको, हीच घ्या.

उत्तरेच्या आरमाराने १८६१ पासून दक्षिणेची बंदरं अडवली. १८६२मध्ये न्यू ऑर्लिन्स पडलं आणि लुईझियानाची उसाची साखर दुर्मीळ झाली. मग दक्षिणेत घरोघरी गोड ज्वारीचा पाक आला, कॉफीच्या जागी भाजलेलं रताळं नाहीतर भेंडीच्या बिया. दक्षिणेतलं सवाना शहर २१ डिसेंबर १८६४ला उत्तरेच्या हाती लागलं, तेव्हा उत्तरेचा सेनापती शर्मनने राष्ट्राध्यक्ष लिंकनला तारेने ते नाताळची भेट म्हणून दिलं, त्यात कापसाच्या सुमारे २५ हजार गाठी होत्या! याच युद्धात अमेरिकेचा कापूस अडकला, म्हणून वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला विलायतेत भाव आला होता.

आता बाटली. रंग गडद तांबूस, चव शेवटी किंचित आंबट-तुरट. हा आंबटपणा हवाच, त्यानेच खायचा सोडा फुलतो. ज्वारीच्या रसात स्टार्च असतो. रस न निवळता कढईत ओतला तर तळाला लागतो आणि पाक थंड झाल्यावर खळीसारखा होतो. इथे तसं झालेलं नाही, मळीही नीट काढली आहे. दहाएक लिटर रसाची जेमतेम लिटरभर काकवी होते, आणि रस त्याच दिवशी कढवावा लागतो, नाहीतर आंबतो. त्या मेहनतीला ही किंमत रास्त आहे.

दोष एकच, पण मोठा: सगळ्या बाटल्या सारख्या आटवलेल्या नाहीत. पातळ राहिलेली काकवी महिन्याभरात फसफसते. घेताना बाटली उलटी करा. बुडबुडा रेंगाळत वर चढला तरच घ्या.

केकमध्ये एक कप साखरेऐवजी सव्वा कपाहून थोडी जास्त काकवी, दूध किंवा पाणी पाव कपाहून थोडं अधिक कमी करा, सोडा अर्धा चमचा आणि सुंठ दोन चमचे. काकवीमुळे वरचा थर लवकर करपतो, म्हणून ओव्हन नेहमीपेक्षा १५ अंश कमी ठेवा.

सोबत भेंडीची कॉफी करणार असाल, तर बिया झाडावरच वाळलेल्या घरच्या भेंडीच्या घ्या. पेरणीच्या पाकिटातल्या बियांना औषध चोळलेलं असतं, त्या अजिबात भाजू नका.