सापशिडी की पत्ते?

शेजारच्या काकूंचा पाच वर्षांचा नातू मे महिन्यात राहायला येतोय. सापशिडी आणावी की पत्त्यांचा कॅट, असं त्या विचारत होत्या.

किमतीचा प्रश्नच नाही, दोन्ही स्वस्त. सापशिडीचा फासा सोफ्याखाली जातो, तर एक पत्ता हरवला की बदाम सात अडतो.

सापशिडीला पटावर वाकावं लागतं. गुडघे दुखत असतील तर पट टेबलावर मांडा. पत्ते पलंगावर टेकूनही खेळता येतात, फक्त ठळक आकड्यांचा कॅट घ्या.

खरा फरक पुढे आहे. सापशिडीत 100 घरं. सोंगटी सरकवताना नातवाला आकडे मोठ्याने म्हणायला लावा. इंग्रजी माध्यमातलं मूल एकोणतीस, एकोणचाळीसला हमखास अडतं, आणि तिथे आजीच हवी. डाव सगळा फाशाचा, त्यामुळे आजी-नातू बरोबरीचे. मुद्दाम हरावं लागत नाही. शंभराच्या तोंडाशी सापाने गिळलं की रडारड होते, तेवढी सोसावी.

पत्त्यांत भिकार-सावकार पाचव्या वर्षीही जमतो: आकडा जुळला की ढीग आपला. बदाम सातला मात्र सत्तीच्या एका बाजूला छक्की, दुसऱ्या बाजूला अठ्ठी हा क्रम पक्का हवा, शिवाय पान अडवून धरायची अक्कल. ती जरा उशिरा येते.

मूल चार-पाच वर्षांचं आणि खेळणारे दोघंच, तर सापशिडी. सात वर्षांपुढचं मूल किंवा चार नातवंडं एकत्र जमणार असतील, तर पत्ते. काकूंना मी सापशिडीच घ्यायला सांगितली.